हिंगाच्या डबीतली रिंग

बाबांनी डबी उघडली तेव्हा आधी हिंगाचा वास आला. मग टिश्यू पेपरची घडी, घडीत पारदर्शक पिशवी आणि पिशवीत काळी, पातळ, ॲल्युमिनियमची रिंग. तिच्यावर चंदेरी आकडे, दोन-चार-सहा करत बावीसपर्यंत, आणि चोविसाच्या जागी त्रिकोण. तळहातावर घेतली तर वजन लागत नाही. जरा जोर पडला तर वाकेल, आणि एकदा वाकली की पुन्हा सपाट होणार नाही, म्हणून जुना फोटो धरतात तशी मी ती कडेने धरली.

"ही राहिलीच होती द्यायची," बाबा म्हणाले. "घड्याळ नेलंस, स्पेअर इथेच."

डबीच्या तळाशी पोलादाच्या तीन कड्याही होत्या. चार वर्षांपूर्वी घड्याळ माझ्या मनगटावर आलं तेव्हा पट्टा सैल होत होता, म्हणून काढलेल्या.

घड्याळ म्हणजे रोलेक्सचं जीएमटी-मास्टर टू, १६७१० क्रमांकाचं. १९९३ मध्ये बाबांनी ते सिंगापूरला घेतलं, दोन महिन्यांचा पगार देऊन. तेव्हा ते एका मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. खलाशी त्यांना मार्कोनीसाहेब म्हणत, रेडिओवाल्या मार्कोनीच्या नावावरून. आज या घड्याळाभोवती जी हौस आणि जो पैसा गोळा झालाय, तो बाबांच्या हिशेबात नव्हता. त्यांना एका नजरेत तीन वेळा दिसायला हव्या होत्या, आणि त्या दाखवणारं, पाण्याला न घाबरणारं घड्याळ हवं होतं.

तीन वेळा कशा, ते नीट सांगते, कारण पुढचं बरंच त्यावर आहे. रेडिओचा लॉग, म्हणजे नोंदवही, ग्रिनिचच्या वेळेने, म्हणजे जीएमटीने लिहायचा असतो. म्हणून चोवीस तासांत एकच फेरी मारणारा, टोकाला बाण असलेला लाल काटा बाबांनी कायम ग्रिनिचला लावलेला असे. नेहमीचा तासकाटा जहाजाच्या वेळेवर. जहाज पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकतं तशी जहाजावरची घड्याळं तासभर पुढे-मागे करतात. या घड्याळात चावी अर्धी बाहेर ओढली की तासकाटा एकटाच, एकेक तासाची उडी मारत पुढे किंवा मागे जातो. मिनिटकाटा आणि सेकंदकाटा आपले चालूच राहतात. वेळ बदलते पण चुकत नाही. बाबांच्या मते या घड्याळाचं खरं मोल एवढ्यातच होतं. रेडिओ-रूमच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या तबकडीवर तासातून दोनदा येणारे तीन-तीन मिनिटांचे लाल पट्टे रंगवलेले असत, पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस. तेवढा वेळ पाचशे किलोहर्ट्झवर सगळ्या जहाजांनी गप्प राहून ऐकायचं, कुठून क्षीण एसओएस येतोय का ते. आयुष्याची वीस-बावीस वर्षं त्या खोलीत काढलेल्या माणसाला थांबलेला सेकंदकाटा बघवत नाही.

तिसरी वेळ घरची, आणि ती रिंगवर. काचेभोवतीचं कडं, म्हणजे बेझल, हाताने फिरतं. त्यावर बसवलेली बाबांची रिंग लाल-निळी होती: खालचा अर्धा भाग दिवसाचा, लाल, वरचा रात्रीचा, निळा. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. तेवढं कडं उलटं फिरवलं की तोच लाल काटा रिंगवर घरची वेळ दाखवायला लागतो, आणि त्रिकोण बारावरून सरकून नऊच्या किंचित वर जाऊन बसतो. रजेवर आलेल्या बाबांच्या मनगटावर मी तो त्रिकोण कायम तिथेच पाहिला. पुढे कधीतरी मासिकातल्या जाहिरातीत तो बाराच्या डोक्यावर सरळ उभा पाहिला, तेव्हा ते घड्याळ मला परक्या माणसाचं वाटलं.

रिंग बदलायची असते, हे या घड्याळाच्या जन्मापासूनचं आहे. १९५५ मध्ये पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी पहिलं जीएमटी-मास्टर निघालं. लांबच्या उड्डाणात घरची आणि ग्रिनिचची वेळ एकाच तबकडीवर दिसावी, एवढाच हेतू. त्या पहिल्या घड्याळाची रिंग बेकलाइटची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची होती आणि आकडे अंधारात चमकणाऱ्या रंगाने भरलेले. दिसायला अतिशय देखणी, पण ठिसूळ. तडे जात, टवके उडत. शिवाय तो रंग किरणोत्सर्गी होता, आणि १९५९ मध्ये अमेरिकेत त्यावरून घड्याळं परत मागवावी लागली. बेकलाइटची जागा ॲल्युमिनियमने घेतली. म्हणजे कंपनीने स्वतःच, स्वतःच्या भागांनी, आपल्या पहिल्या घड्याळांचा चेहरा बदलला. वैमानिकांनी हरकत घेतली असेल असं मला वाटत नाही. फुटकी रिंग घेऊन कोण उडेल? आज मात्र संग्राहक त्याच, न बदललेल्या, नशिबाने न फुटलेल्या बेकलाइटच्या मागे असतात.

१६७१० हे मॉडेल १९८९ ते २००७ पर्यंत चाललं आणि त्याला तीन रिंगा मिळत: लाल-निळी, लाल-काळी आणि नुसती काळी. हौशी मंडळी पहिल्या दोघींना शीतपेयांच्या नावांनी ओळखतात, पेप्सी आणि कोक. तिन्ही एकाच मापाच्या, एकाच कड्यात बसणाऱ्या. स्क्रू नाही, गोंद नाही. दाबून बसवायची, मागून ढकलून काढायची. मशीन उघडायचा प्रश्नच येत नाही. पुढे सिरॅमिकच्या रिंगा आल्या. त्या उन्हाने विटत नाहीत, सहसा चरेही पडत नाहीत. ॲल्युमिनियम विटतं. निळा आधी राखाडीकडे झुकतो, लाल गुलाबीकडे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या काही रिंगा तर जांभळट-गुलाबी झाल्यात, आणि त्या रंगासाठी लोक वेगळी किंमत मोजतात. मला स्वतःला सिरॅमिकची चकाकी कधी आवडली नाही. ज्या वस्तूवर काळ उमटत नाही ती हातात घालून काय सांगायचं?

बाबांनी काळी रिंग १९९६ मध्ये घेतली, तीही सिंगापूरला. कारण विचाराल तर एकच: "जहाजावर ज्याचा स्पेअर नाही, ती वस्तू आपली नाही." व्हॉल्व्ह, फ्यूज, ब्रश, बेअरिंग, सगळ्याचा स्पेअर असायचा आणि प्रत्येकाची नोंद. घरीही त्यांनी तीच शिस्त आणली. आमच्याकडे दापोलीला एक लांबट वही आहे, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात पाण्याचा पंप, मिक्सर, शिलाई मशीन, माझी जुनी सायकल, सगळ्यांची पानं आहेत. रकाने चार: तारीख-वेळ, काम, काढलेला भाग, घातलेला भाग. घड्याळालाही पान आहे. माझ्यासाठी काढलेल्या तीन कड्या त्यात आहेत: "तीन कड्या, पट्ट्याच्या. डबीत."

त्याच पानावर २०११ ची एक ओळ आहे आणि ती मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला राग येतो.

त्या वर्षी घड्याळ दिवसाला मिनिटभर मागे पडायला लागलं, म्हणून बाबांनी ते सर्व्हिसिंगला दिलं. कुठे दिलं त्याला महत्त्व नाही. मशीनचं काम चोख झालं होतं, आजही त्याच्याविषयी तक्रार नाही. पण घड्याळ परत आलं ते नवंकोरं होऊन. पॉलिश करून केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, धारदार कडा गोल केलेल्या. आणि तबकडी बदललेली. काटे बदललेले. मूळच्या तबकडीवरचे ठिपके ट्रिटियमचे, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या किरणोत्सर्गी रंगाचे होते; अठरा वर्षांत ते पांढऱ्याचे साजूक तुपाच्या रंगाचे झाले होते. सहाच्या खाली, 'स्विस' या शब्दाच्या जोडीला बारीक 'टी' अक्षर होतं, ट्रिटियमची खूण. नव्या तबकडीवर ठिपके पांढरेशुभ्र, रात्री हिरवट चमकणारे, आणि खाली 'स्विस मेड'.

सर्व्हिसिंग करणाऱ्यांची बाजूही मला कळते. ट्रिटियमची ताकद साधारण सव्वाबारा वर्षांत निम्मी होते. २०११ मध्ये ते ठिपके अंधारात जेमतेम दिसत असणार. वेळ दिसणं हे घड्याळाचं काम, ते होत नसेल तर दुरुस्त करायचं. काटे बदलले तर तबकडीही बदलायला हवी, नाहीतर पांढरे काटे आणि पिवळे ठिपके विजोड दिसतात. बिलावर प्रत्येक भागापुढे 'अस्सल' असं लिहिलेलं होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं.

बाबांनी बिल वाचलं, घड्याळ कानाला लावलं, मग विचारलं, "जुनी तबकडी?"

जुने भाग परत देत नाहीत, तसा नियम आहे, तुम्ही सही केलेल्या फॉर्मवर मागच्या बाजूला लिहिलंय, असं उत्तर मिळालं. बाबांनी नंतर दोन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं तेही फॉर्मचंच, दुसऱ्याला आलं नाही. वहीतली ओळ अशी आहे: "काढलेला भाग: तबकडी, काटे. परत मिळाले नाहीत." परत मिळाले नाहीत याच्याखाली रेघ. पूर्ण वहीत अधोरेखित केलेली ती एकच जागा.

आज लोक मला सांगतात की मूळ ट्रिटियमची तबकडी असती तर घड्याळाला कितीतरी जास्त भाव आला असता. बाबांना भावाचं काही नव्हतं. त्यांना नवी तबकडी बसवल्याचंही वाईट वाटलं नव्हतं, आणि हे समजायला मला बरीच वर्षं लागली. ज्या माणसाने आयुष्यभर जळलेले भाग काढून नवे घातले, तो भाग बदलल्यावर कसा रडेल? त्यांना लागलं ते वेगळंच. वहीत एक भोक पडलं होतं. काढलेल्या भागाचं काय झालं हे लिहिता येत नव्हतं.

याच माणसाची जागाही एकदा अशीच बदलली गेली होती. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर उपग्रहावर चालणारी नवी संकटसंदेश यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि मोर्स, म्हणजे टकटक करत येणारे बिनतारी संकेत, ऐकणारा माणूस ठेवायची सक्ती संपली. बाबा सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसले आणि इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून जहाजावर परत गेले. त्याबद्दल ते कधी फार बोलले नाहीत. पण रेडिओ ऑफिसर म्हणून शेवटच्या जहाजावरची मोर्सची की, म्हणजे संकेत पाठवायचं बटण, त्यांनी कॅप्टनला विचारून, रीतसर नोंद करून घरी आणली. ती देवघराशेजारच्या फळीवर आहे. आई तिला दसऱ्याला फूल वाहते.

मला वाटतं, अस्सलपणाबद्दल मी जे काही शिकले ते या दोन वस्तूंकडून, परत आलेल्या कीकडून आणि परत न आलेल्या तबकडीकडून. घड्याळांच्या हौशी जगात 'फ्रँकन' असा एक शब्द आहे. चार घड्याळांचे भाग एकत्र करून केलेलं घड्याळ. गंमत अशी की त्यातला प्रत्येक भाग त्याच कंपनीचा असू शकतो. १९९३ ची केस, २००३ ची तबकडी, आणखी कुठल्या वर्षीची रिंग, सगळं अस्सल आणि सगळं नीट बसणारं. मग चुकीचं काय? माझं उत्तर बाबांच्या वहीत आहे. मालकाने जाणूनबुजून केलं, लिहून ठेवलं, जुना भाग जपला, तर ते त्या घड्याळाचंच पुढचं आयुष्य. लपवून केलं आणि पुढच्याला सांगितलं नाही, तर प्रत्येक भाग खरा असूनही घड्याळ खोटं बोलतं. आमच्या घड्याळाची तबकडी मूळची नाही, हे उद्या कुणी विचारलं नाही तरी मी आधी सांगेन.

जानेवारी २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने यासारख्याच प्रश्नावर निकाल दिला. जिनिव्हातली एक कंपनी ग्राहकांची घड्याळं त्यांच्या सांगण्यावरून बदलून देते, आणि रोलेक्सने तिच्यावर दावा लावला होता. न्यायालयाने फरक केला तो असा: मालक स्वतःचं घड्याळ घेऊन आला आणि स्वतःच्या वापरासाठी ते बदलून घेतलं, तर तो त्याचा हक्क, पण आधी घड्याळ विकत घेऊन, बदलून, त्याच ब्रँडच्या नावाने बाजारात विकायचं, तर त्याला ब्रँडच्या मालकाची परवानगी लागते. निकाल वाचल्यावर मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मग? घड्याळ आपलंच आहे ना!" आणि आंब्यावर तुडतुडे आलेत का, या विषयाकडे वळले.

तर गेल्या मे महिन्यात, दापोलीच्या घरी, ती काळी रिंग माझ्या हातात होती आणि मला ती लावायची नव्हती. घड्याळाच्या चेहऱ्यावर १९९३ ची म्हणावी अशी लाल-निळी रिंग तेवढी उरली आहे, असं मी बोलून दाखवलं. निळा आता पावसाळी आभाळासारखा झालाय, चारच्या आणि सहाच्या आकड्यांमध्ये एक आडवा चरा आहे, कुठल्याशा बंदरातल्या शिडीचा. तो चरा माझ्याहून जास्त देश हिंडलाय.

"म्हणूनच काढ," बाबा म्हणाले. "रोज भांडी घासतेस, बसला लटकतेस. तो रंग अजून किती उडवायचाय? ही काळी कशाला घेतली होती मी?"

टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर पांढरा पंचा. बाबांनी केसच्या चारही बाजूंना कागदी टेप लावला, चरा पडू नये म्हणून. मग पातळ ब्लेडचं टोक कडं आणि केस यांच्या फटीत. जोर नाही, नुसतं वळवायचं. थोडं इथे, थोडं पलीकडे, पुन्हा इथे. टिच्च असा आवाज झाला आणि कडं उचकटलं. खाली कित्येक वर्षांचा काळा मळ, घाम, साबण, मीठ. बाबांनी तो दात कोरायच्या काडीने काढला आणि काडी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर नीट ठेवली. मग कडं उपडं करून दोन्ही अंगठ्यांनी मागून दाबलं. लाल-निळी रिंग निघून पंचावर पडली, आवाजही न करता. तिच्या मागच्या बाजूचं ॲल्युमिनियम अजून नव्या भांड्यासारखं पांढरं होतं.

काळी बसवायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. "तू लाव. माझा अंगठा आता एकसारखा दाबत नाही."

एका बाजूने दाबलं तर दुसरी बाजू उचलते. मध्ये दाबलं तर वाकते. समोरासमोरच्या दोन-दोन जागा धरून, हळूहळू, वर्तुळ पूर्ण करत जायचं. आधी त्रिकोण बरोबर बाराशी जुळवायचा, कारण बसली की बसली. बाबा भिंग डोळ्याला लावून बघत होते आणि "डावीकडे... केसभर... बास" असं म्हणत होते. शेवटचा भाग आत गेला तेव्हा बोटांना कळलं. कडं केसवर ठेवून तळव्याने दाबलं, पुन्हा तोच टिच्च. फिरवून पाहिलं. फिरत होतं.

घड्याळ वेगळंच दिसत होतं. अधिक गंभीर, जरा तरुण. लाल काटा आता काळ्यावर एकटाच लाल होता आणि पूर्वीपेक्षा उठून दिसत होता. मला ते आवडलं, आणि आवडलं याचं थोडं वाईटही वाटलं. बाबांनी लाल-निळी रिंग टिश्यूच्या घडीत घातली, तीन कड्यांच्या वर ठेवली, झाकण फिरवलं. मग कडं बोटाने उलटं फिरवायला लागले, त्रिकोण नऊच्या वर येईपर्यंत.

आई आतून जेवायला हाक मारत होती. स्वयंपाकघरातल्या घड्याळात एक वाजला होता. बाबांनी वही ओढली, घड्याळाचं पान काढलं आणि तारखेपुढे लिहिलं: "०७३०. रिंग बदलली. काढलेला भाग: लाल-निळी, एक चरा. डबीत."